कॅमेऱ्याचा आकार आणि अनोळखी माणसाची प्रतिक्रिया : भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक विचार

रस्त्यावर छायाचित्रे घेणाऱ्यांमध्ये एक समजूत दृढ आहे. कॅमेरा जितका लहान तितका अनोळखी माणूस निर्धास्त, आणि कॅमेरा जितका मोठा तितका तो सावध. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. पण ती जशीच्या तशी स्वीकारली तर अनेक ज्ञात उदाहरणांचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, अनोळखी माणूस यंत्राच्या आकाराला भीत नाही किंवा भुलत नाही. तो आकार वाचतो. हे चित्र कोणासाठी घेतले जात आहे, आणि ते घेण्यात आपला काही भाग आहे की नाही, या दोन गोष्टी तो त्या आकारावरून ठरवितो. आकार हे चिन्ह आहे, आणि चिन्हाचा अर्थ काळाप्रमाणे व स्थळाप्रमाणे बदलतो.

हा विषय भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवण्याचे कारण उघड आहे. बोलींचा अभ्यास करणारा विद्यार्थी आज ध्वनिमुद्रक आणि कॅमेरा या दोहोंसह गावात जातो. पुष्कळदा ही दोन्ही कामे एकाच फोनवर होतात. बिलोलीसारख्या सीमावर्ती तालुक्यात तो गेला, तर समोरच्या माणसाने त्याच्या हातातील यंत्राचा काय अर्थ लावला यावर त्याला कोणती बोली ऐकावयास मिळेल हेच अवलंबून राहते. तेव्हा हा प्रश्न केवळ छायाचित्रकाराच्या सोयीचा नाही, तो आपल्या साधनसामग्रीच्या विश्वसनीयतेचा आहे.

१. आकार म्हणजे काय?

प्रथम 'आकार' या शब्दाखाली एकत्र झालेल्या गोष्टी पृथक् केल्या पाहिजेत. एकोणिसाव्या शतकातील कॅमेरा मोठा होता, तो छायाचित्रकाराला तसा आवडत होता म्हणून नव्हे. त्या काळी काचेवरील प्रतिमा कागदावर मोठी करून उतरविण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. काच कागदावर ठेवून छाप घ्यावयाचा, म्हणजे जेवढी काच तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर काच मोठी, आणि काच मोठी म्हणून पेटी मोठी, भिंग लांब व तिवई अपरिहार्य. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच ओली असतानाच वापरून लगेच धुवावी लागे. त्यामुळे काळोखाचा तंबूही बरोबर न्यावा लागे. असे बिऱ्हाड घेऊन कोणाच्याही नकळत छायाचित्र घेणे शक्यच नव्हते.

पुढे १८८० नंतर कोरड्या काचा सर्वत्र मिळू लागल्या, १८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरण्याचा कॅमेरा आला, आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका हा कॅमेरा विक्रीस आला. चलच्चित्राच्या फितीवर २४ × ३६ मिलिमीटर एवढीच प्रतिमा घ्यावयाची आणि नंतर ती मोठी करावयाची, हे त्यामागील तत्त्व. कॅमेरा खिशात आला तो या तत्त्वामुळे.

यावरून दिसेल की पेटीचे आकारमान, भिंगाची लांबी, पडद्याचा आवाज, चित्र घेण्यास लागणारा वेळ आणि छायाचित्रकाराच्या शरीराची ठेवण या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्याला लावलेला कॅमेरा चेहरा झाकतो. समोरच्याला पाहणाऱ्याचे डोळे दिसेनासे होतात. १९२९ मध्ये निघालेला रोलायफ्लेक्स हा पेटीने मोठा, पण तो छातीशी धरून वरून पाहावयाचा असतो. त्यामुळे छायाचित्रकाराची मान खाली झुकते व तो रोखून पाहत आहे असे वाटत नाही. आकाराने लहान असलेला कॅमेरा डोळ्याला लावल्यावर जो खटकतो, तो दुप्पट आकाराचा असूनही छातीशी धरल्यावर खटकेलच असे नाही.

२. बोलण्याचे अंतर

भिंगाच्या लांबीचा मुद्दा थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. कारण ज्याला लोक कॅमेऱ्याचा आकार म्हणतात तो पुष्कळदा भिंगाचाच आकार असतो. लायकाच्या मापाची चौकट उभी धरली आणि १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस तीत नखशिखांत मावावयाचा असेल, तर ३५ मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे १.७ मीटर अंतरावर उभे राहावे लागते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने हे अंतर सुमारे २.४ मीटर होते, तर २०० मिलिमीटरच्या भिंगाने साडेनऊ मीटर. म्हणजे लहान भिंगवाला जवळ येतो, मोठे भिंगवाला दूर राहतो.

एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने १९६६ च्या आपल्या ग्रंथात माणसामाणसांतील अंतराचे वर्ग केले. अमेरिकेतील निरीक्षणांवरून त्याने सुमारे १.२ ते ३.६ मीटर हे सामाजिक व्यवहाराचे, म्हणजे परक्याशी कामापुरते बोलण्याचे, अंतर मानले. आपल्याकडील आठवडी बाजारात हे अंतर याहून कमी असणार. पण तत्त्व तेच. पहिल्या दोन्ही भिंगांचा छायाचित्रकार या अंतराच्या आत उभा असतो. तो बोलण्याच्या टप्प्यात येतो, आणि बोलत नाही.

लहान कॅमेऱ्याच्या संदर्भात जी नाराजी कित्येकदा अनुभवास येते तिचे मूळ येथे आहे. आपल्या समाजात दीड-दोन मीटरवर येऊन थांबलेल्या परक्याने काहीतरी बोलावे अशी अपेक्षा असते. "राम राम" म्हणावे, कुठले कोण ते सांगावे, निदान वाट विचारावी. बोलण्याच्या अंतरात येऊन मौन राखणे हीच एक उक्ती होते, आणि तिचा अर्थ बहुधा बरा लावला जात नाही. उलट साडेनऊ मीटरवरून मोठ्या भिंगाने पाहणारा हा संभाषणाच्या कक्षेबाहेर असतो. त्याच्याबद्दल येणारी प्रतिक्रिया उद्धटपणाची नसून पाळत ठेवल्याची असते. या दोन तक्रारी भिन्न आहेत, आणि दोन्ही एकाच 'आकारा'च्या नावावर जमा केल्याने गोंधळ होतो.

३. मोठा कॅमेरा आणि कर्तृत्वाचा वाटा

आता इतिहासाकडे वळू. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या काळातील एक छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याने पुढे १८६० नंतरच्या दशकात मुंबईतील निरनिराळ्या ज्ञातींच्या लोकांचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील माणसे रस्त्यावर उभी दिसतात. पण ती रस्त्यावर टिपलेली नाहीत. माणसांची चित्रे वेगळी घेऊन ती बाहेरच्या दृश्यांवर जोडलेली आहेत. मुंबईचा रस्ता आणि त्यावरचा माणूस या दोघांना एका काचेवर आणणे त्या यंत्राला सुकर नव्हते. माणसाला बोलावून, उभे करून, स्थिर राहण्यास सांगूनच चित्र होई.

बिलोली ज्या निजामी राज्यात होते त्या हैदराबादेत १८८० च्या दशकापासून लाला दीनदयाळ हे निजामाचे छायाचित्रकार होते. त्यांनी १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज स्त्रीकडे सोपविली. हे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाचे आहे. यंत्र तेच, तेवढेच अवजड. बदलली ती यंत्रामागची व्यक्ती, आणि चित्र कोणाच्या नजरेस पडणार याची हमी. एवढ्याने नकाराचा होकार होणे शक्य झाले. आकार हेच कारण असते तर असे होते ना.

या काळातील स्थिर, सरळ बसलेल्या चेहऱ्यांकडे पाहून आपण त्यांना अवघडलेले म्हणतो. मात्र मराठी भाषेत याचा निराळा पुरावा आहे. "लग्न झाल्यावर आम्ही नांदेडला जाऊन फोटो काढला" या वाक्यात काढणारे कोण? कॅमेरा चालविणारा चित्रशाळेचा मालक; पण व्याकरणात कर्ता 'आम्ही'. "मी केस कापले", "पाटलांनी वाडा बांधला" या वाक्यांप्रमाणेच येथे ज्याच्या इच्छेने व खर्चाने क्रिया घडते तो कर्ता होतो. हाताने ती करणारा वाक्याबाहेर राहतो. याउलट "त्यानं आमचा फोटो काढला" म्हणताच 'आम्ही'चे 'आमचा' होते. कर्तृपद जाते आणि षष्ठीचा संबंध तेवढा उरतो. प्रयोजक रूप न वापरता मराठी हा भेद असा सहज करते. मोठ्या कॅमेऱ्याच्या काळात पहिले वाक्य स्वाभाविक होते. लहान कॅमेऱ्याने दुसरे वाक्य वाढविले.

४. लहान कॅमेरा

लहान कॅमेऱ्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा होय. त्याने १९३० नंतरच्या दशकात लायका हाती घेतला, त्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकले, आणि १९४७-४८ मध्ये भारतात काम केले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येपूर्वी थोड्याच वेळापूर्वी, तो महात्मा गांधींना भेटला होता. नजरेत न भरणे हे त्याने तत्त्व मानले.

परंतु नजरेत न भरणे आणि लपविणे यांत रेघ बारीक आहे. वॉकर एव्हान्स याने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली लहान कॅमेरा दडवून समोरच्या उतारूंची छायाचित्रे घेतली. चेहरे खरोखरच निर्व्याज आहेत. पण ती पुस्तकरूपाने त्याने प्रसिद्ध केली १९६६ साली, सुमारे पंचवीस वर्षांनी. त्याच्याही पूर्वी, १९१६ मध्ये, त्याच शहरात पॉल स्ट्रँडने कॅमेऱ्याच्या बाजूस खोटे भिंग बसविले होते. रोख एकीकडे दाखवावयाचा आणि चित्र दुसरीकडचे घ्यावयाचे. त्याचा कॅमेरा मुळीच लहान नव्हता. तरी माणसे निर्धास्त राहत. अनोळखी माणूस आकारापेक्षा रोख पाहतो, हे यावरून सिद्ध होते.

दुसरे उलट उदाहरण होमाई व्यारावाला यांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि १९४२ पासून दिल्लीत काम करणाऱ्या या भारतातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. त्यांच्याजवळ स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा असे. तथापि साडी नेसलेल्या बाईच्या हातात कॅमेरा पाहून लोकांनी आरंभी आपल्याला गंभीरपणे घेतले नाही व त्याचा आपल्याला उपयोगच झाला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. मोठे यंत्र दिसत होते, पण त्या काळच्या पाहणाऱ्याजवळ 'बाई आणि वृत्तपत्र' हा अर्थ तयार नव्हता, म्हणून चिन्ह वाचलेच गेले नाही.

५. तीन प्रश्न

सूत्ररूपाने सांगावयाचे तर यंत्राचा आकार हा ग्राहकाचा निर्देश करतो. ॲलन बेल या भाषावैज्ञानिकाने १९८४ मध्ये मांडले की, वक्ता आपली शैली मुख्यतः श्रोत्यांना अनुसरून घडवितो, आणि तेथे नसलेला श्रोताही त्याच्या मनात असू शकतो. कॅमेऱ्यासमोरचा माणूस हेच करतो. प्रत्यक्ष श्रोता छायाचित्रकार. पण खरा श्रोता चित्र पाहणारा, आणि तो समोर नाही. त्याची कल्पना यंत्रावरून करावयाची.

कॅमेरेवाल्याला मराठी मुलखात विचारले जाणारे प्रश्न या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. "आम्हाला एक कॉपी द्याल का?" हा चित्रशाळेच्या परंपरेतला प्रश्न; यात ग्राहक आपणच. "पेपरात येणार का?" किंवा "कुठल्या चॅनलचे?" हा मोठ्या भिंगाला व खांद्यावरच्या यंत्राला विचारलेला प्रश्न, यात ग्राहक सर्व जनता, पण एका जबाबदार कचेरीमार्फत. "कुठं टाकणार?" हा फोनला विचारलेला प्रश्न, यात ग्राहक अज्ञात व अमर्याद. तिन्ही प्रश्नांत यंत्राचा उल्लेख नाही. तिन्ही प्रश्न ग्राहकाविषयी आहेत. क्रियापदेही पाहावी : फोटो 'काढतात', पेपरात 'येतो', फोनवरून 'टाकतात'.

यावरून आजची एक उलटापालट समजते. सर्वांत लहान कॅमेरा आता सर्वांत निरुपद्रवी राहिला नाही. फोन प्रत्येकाजवळ असल्याने तो दिसत नाही हे खरे; पण तो आपल्या रोखाने उभा धरला आहे हे लक्षात येताच जो संशय येतो, तो तिवईवरील मोठ्या कॅमेऱ्याबद्दल येत नाही. तिवई लावणारा काम घेऊन आला आहे, त्याला नावगाव विचारता येते, हे तिवईच सांगते. शिवाय फोनचे मुख्य भिंग लायकाच्या मापाने साधारण २६ मिलिमीटरच्या आसपासचे असते. वरील हिशेबाने त्याचा धनी सव्वा मीटरवर येऊन उभा राहतो. तो सर्वांत जवळ येतो, आणि त्याच्या ग्राहकाचा अंदाज सर्वांत कमी लागतो.

६. बिलोलीचा संदर्भ

बिलोली हा नांदेड जिल्ह्यातील, तेलंगणाच्या सीमेवरील तालुका. १९४८ पर्यंत निजामी राज्यात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. मांजरा नदीच्या पलीकडे बोधन व निजामाबादचा तेलुगू मुलूख. देगलूरच्या बाजूने कन्नडचा शेजार. आणि गावोगाव दखनी. कुपवाड या सांगली जिल्ह्यातील गावी मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू या भाषांची वाक्यरचना परस्परांच्या किती जवळ आली आहे हे जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखविले. बिलोलीकडेही त्याच दृष्टीने पाहता येते, आणि त्याचे एक लहानसे उदाहरण आपल्या विषयातलेच आहे. मराठीत फोटो 'काढतात'. तेलुगूत त्याला 'तीयु', कन्नडात 'तेगे', म्हणजे बाहेर काढणे याच अर्थाची क्रियापदे. प्रमाण हिंदीत फोटो 'खींचते' हैं, पण दखनीत 'निकालते'. चार भाषांत एकच कल्पना : आतून काहीतरी बाहेर काढणे. अर्थात् विहिरीतून पाणी काढतात आणि कागदावर चित्रही काढतात. केवळ शब्दावरून लोकांची समजूत सिद्ध करता येत नाही. पण 'कोणी काढले आणि कोणाचे' हा प्रश्न या चारही भाषांत तेवढाच सहज उभा राहतो.

अशा ठिकाणी उत्तराची भाषा हीच प्रतिक्रियेचे मोजमाप होऊ शकते. अनोळखी माणसाने "फोटू कामून काढायलाव?" असे विचारले, तर त्याने अभ्यासकाला निदान पाहुणा मानले आहे, कारण 'काढायलाव' हे रूप घरचे आहे. त्यानेच "फोटो कशासाठी काढताय?" असे विचारले, तर तो कचेरीशी बोलत आहे. "फोटू कायकू निकालरे?" असे विचारले, तर समोरचा मराठी आहे की नाही याविषयीच त्याचा निर्णय झालेला नाही. एकाच दिवशी, एकाच बाजारात, एकाच अभ्यासकाने निरनिराळी यंत्रे हाती धरली असता यांपैकी कोणती रूपे किती वेळा येतात, याची नोंद हा एक पद्धतशीर शोधप्रकल्प होईल. चेहऱ्यावरील भाव मोजणे कठीण; क्रियापदाचे रूप मोजणे सोपे.

स्थळाचाही विचार हवा. मांजरेच्या पात्रातील रेती हा या भागात वादाचा विषय आहे. नदीकाठी उभे राहून कोणताही कॅमेरा रोखला तर तो पंचनामा करणाऱ्या सरकारचा किंवा बातमी शोधणाऱ्या पत्रकाराचा ठरेल. तेथे लहानमोठेपणाला काही अर्थ उरणार नाही. तेच यंत्र लग्नमंडपात हातोहात पुढे बोलाविले जाईल.

७. भाषाभ्यासकाने काय घ्यावे?

आपल्या शास्त्राचा अनुभव याच दिशेचा आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाला जोडून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत ग्रामोफोनवर बोलींचे नमुने घेण्यात आले. त्यांत पुष्कळ ठिकाणी उधळ्या पुत्राची ठरावीक कथा म्हणवून घेतलेली आहे. मोठ्या यंत्रापुढे माणसे जशी बसून छायाचित्र देत, तशीच ती बसून बोली देत. दुसऱ्या टोकाला विल्यम लबाव्ह. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत त्याने २६४ विक्रेत्यांना एका साध्या प्रश्नाने बोलते केले, आणि दृष्टीआड जाऊन उच्चार टिपून घेतले. यंत्र नाहीच, फक्त कान आणि कागद. न पाहिले जाताना लोक कसे बोलतात हे पाहूनच कळवून घ्यावयाचे, या पेचाला पुढे निरीक्षकाचा विरोधाभास असे नाव मिळाले ते त्याच्याच लेखनातून. पण त्याच लबाव्हने दीर्घ मुलाखती घेतल्या तेव्हा ध्वनिमुद्रक उघड ठेवला, आणि वक्ता आपल्या आठवणीत रंगून यंत्र विसरेल असे विषय काढले. यंत्र लहान करण्याऐवजी त्याने संभाषण मोठे केले.

हाच मार्ग श्रेयस्कर वाटतो. लहान यंत्राने जो नैसर्गिकपणा मिळतो तो समोरच्याचा वाटा काढून घेऊन मिळतो. 'आम्ही'चा 'आमचा' करून मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. रस्त्यावरील छायाचित्राचा प्रश्न त्या खटल्यात थेट नव्हता. तरीही ज्यांच्या बोलीवर व चेहऱ्यावर आपले प्रबंध उभे राहतात त्यांच्या हक्काचा विचार कायद्याने भाग पाडण्याची वाट विद्यापीठाने पाहू नये.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच. विद्यार्थ्याने यंत्र निवडताना ते किती लपेल हे पाहू नये, ते कोणाचे आहे हे किती स्पष्ट सांगते ते पाहावे. बोलण्याच्या अंतरात गेल्यावर आधी बोलावे. चित्र वा ध्वनिफीत कोठे ठेवली जाईल व कोण ऐकेल हे विचारण्यापूर्वी सांगावे. शक्य तेथे एक प्रत परत नेऊन द्यावी. आणि नोंदवहीत स्थळ, वय, जात, भाषा यांच्या जोडीला 'यंत्र' हा रकानाही ठेवावा : कोणते, कसे धरलेले, किती अंतरावरून, आणि त्यावर पहिला प्रश्न कोणता व कोणत्या भाषेत आला. तो रकाना नसेल तर मिळालेली सामग्री बिलोलीची बोली दाखविते की बिलोलीने आपल्या यंत्राला दिलेले उत्तर दाखविते, हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही.